तुह्या मायले विचार

"हात नको लावू," बळवंतराव म्हणाले, आणि पट्टी अर्धी सुटलेला डावा पाय त्यांनी चादरीखाली ओढून घेतला.

मी पलंगाशी उकिडवी बसले होते. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात औषधात भिजवलेला कापूस. कालपर्यंत याच पायाची पट्टी मी बदलली होती आणि बाबाजींनी हूं की चूं केलं नव्हतं.

"दुखलं का बाबाजी?"

"नाही."

"मग?"

"नको म्हनलं ना. पायाले हात लावाचा नाही."

शेजारी स्टुलावर वरणात कुस्करलेल्या पोळीची ताटली होती. मी जरा चिडवायलाच विचारलं, "आणि हे? हे भरवू, का तेही नको?"

"ते भरव ना बापा. भूक लागली."

असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मी हात धुऊन आले, भरवलं, त्यांनी सगळं खाल्लं, वर पाणी प्यायले. पाय मात्र चादरीखालून बाहेर काढला नाही. मी बघतच राहिले. माझा स्वभाव मुळात भोचक. एखाद्या गोष्टीचा उलगडा होईपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. आणि ही गोष्ट तर माझ्याच हातांबद्दलची होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी अमरावतीहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, संत्र्यांच्या बागांना लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात कामाला होते. वृद्धाश्रम म्हटलेलं आमच्या व्यवस्थापकांना, खोडे सरांना, आवडत नसे, ते 'निवास' म्हणत. मी तिशीची, पण ऐंशी गाठलेल्या आज्यासुद्धा मला मावशीच म्हणायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, भांडं देणं, भांडं धुणं, भरवणं, केस विंचरणं आणि या सगळ्याच्या मधे ऐकत राहणं, हे माझं काम. यातलं ऐकणं मला सगळ्यात आवडायचं. कोणाची सून कशी, कोणाचा विहिणीशी कशावरून वाद झाला, कोण लहानपणी झाडावरून पडलं, सगळं मला ठाऊक असायचं. स्वयंपाकाची कमल म्हणायची, "विशाखा, तू इथं पगार घ्यायला येते, का गोष्टी घ्यायला?"

बळवंतराव काळमेघ आमच्याकडे येऊन वर्ष होत आलं होतं. गावात त्यांनी पोलीस पाटीलकी केलेली, त्यामुळे बसणं ताठ आणि बोलणं मोजकं, इतकं की गाव कुठलं तेही मला कळलं नव्हतं. दोन्ही हातांना कंप, म्हणून भरवावं लागे. साखरेचा जुना आजार होता आणि डाव्या पायाला जखम. अंगठ्याजवळचं बोट काळवंडलेलं. जखम रोज साफ करून पट्टी बांधायची, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आधी ते काम दिवाकर करायचा. त्याला नागपूरला नोकरी लागली, तो गेला आणि बाबाजींचा पाय माझ्याकडे आला. पट्टी बांधता येणारी तिथे मी एकटीच उरले होते. कमलला रक्त पाहून चक्कर यायची. सिस्टर डॉक्टरांबरोबर आठवड्यातून एकदा येत.

पहिले काही दिवस सगळं बिनबोभाट चाललं. मग पाय ओढून घेतला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचा चहा बशीत ओतून पाजत असताना त्यांनी विचारलं, "तू कुठची व पोरी?"

"इथलीच, अमरावतीची."

"तसं नाही. मूळ कुठचं? तुही माय कुठची?"

"आईचं माहेर धामणखेड."

त्यांचं तोंड बशीपासून लांब झालं. "धामनखेड? कोनाची पोरगी?"

"झिंगराजी वानखडेंची. चंद्रभागा तिचं नाव."

ते उरलेला चहा प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी पाय चादरीत.

आता हे ऐकून कोणाच्याही मनात जे येईल तेच माझ्याही मनात आलं. आधी गाव विचारलं, मग बाप विचारला, मग आडनाव कळलं आणि मग हात नकोसा झाला. आम्ही बौद्ध. असे प्रश्न कुठून सुरू होतात आणि कुठे जाऊन थांबतात, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मी कमलला सांगितलं. ती कांदा चिरत होती. "दुसरं काय असणार! पाटील आहे तो," ती म्हणाली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"पण मग भरवू कसं देतो?"

कमलचा हात थांबला. "हो की गं."

तेच तर माझ्या डोक्यात बसत नव्हतं. जात पाळणारा माणूस आधी ताटात पाळतो, पाण्यात पाळतो. पायाला कोण शिवलं याची फिकीर कोण करतं? पाठ तर ते अजून माझ्याकडूनच पुसून घेत होते. हे सगळं उलटंच चाललं होतं. मी परीक्षा पाहायची ठरवली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी त्यांच्यापुढे केली. म्हटलं, "बाबाजी, आमच्या घरची आहे. आईनं केली."

"चंद्रीनं?" ते पटकन म्हणाले. आणि खाल्ली. अशी खाल्ली की शेवटी हात थरथरत असताना स्वतः ताटलीतले जवसाचे कण बोटानं टिपायला लागले. मला दुपारी कमलच्या खिचडीवर भागवावं लागलं.

"आता पट्टी करू?" मी विचारलं.

"नाही."

"हातमोजे घालते."

"मोज्यानं काय होते?"

"कपड्यानं पकडते, बोट लावत नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी हसावं की रडावं मला समजेना. खोडे सरांनी एकदा स्वतः बाह्या सरसावून पट्टी बांधली. ती बाबाजी संडासापर्यंत जाईस्तोवर सुटून जमिनीवर लोळत होती. जखम तशीच उघडी राहिली आणि तिला वास येऊ लागला.

डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि बाहेर येऊन खोडे सरांना सरळ सांगितलं, "अजून काही दिवस असेच गेले तर मी काही करू शकणार नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे ते गुडघ्याखालून काढतील." सरांनी पुण्याला बाबाजींच्या मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. सरांनी आठवड्याच्या शेवटी गाडी सांगून ठेवली.

मी बाबाजींच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"बाबाजी, पाय जाईल."

"जाऊ दे."

"गुडघ्यापासून जाईल. मग भांड्यावर बसवायलाही दोन माणसं लागतील."

माझाच तोल सुटला. "मी कोण आहे म्हणून नको ना? आडनाव ऐकलं तेव्हापासून हे सुरू झालंय. स्पष्ट बोला. मला वाईट नाही वाटणार."

हे मी खोटं बोलले. वाईट वाटणारच होतं, वाटतच होतं. त्यांच्या पाठीवरचा एकेक तीळ मला माहीत होता. रोज मीच ती पाठ पुसत होते. आणि त्यांनी मला आडनावावरून तोलावं?

"तू कोन हायेस ते समजलं म्हनूनच नको," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुह्या मायले विचार. तिनं तुले काहीच नाही शिकवलं काय?"

आता माझं टाळकंच फिरलं. जात काढली ती काढली, वर आईचे संस्कार काढतो म्हातारा! मी तिथून निघाले ती बस पकडून थेट घरी.

आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लग्न मोडल्यापासून मी तिच्याकडेच राहायचे. आम्ही दोघीच. मी पर्स फेकली आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. पाय, भाकर, हातमोजे, गुडघा, शेवटी 'मायले विचार'. आईनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. मधेच विचारलं, "बळवंता? पाटलाचा बळवंता? जिता हाय अजून?"

"आहे. आणि तू काही शिकवलं नाहीस म्हणतो मला."

आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अवं पोरी, मी धामनखेडची लेक. तो धामनखेडचा पोरगा. गावाच्या नात्यानं तो माहा भाऊ. मंग तुहा कोन लागते?"

"मामा."

"मामाच्या पायाले भाची हात लावते काय? मामानं भाचीच्या पाया पडाचं असते. भाचीनं त्याच्या पायाले हात लावला त पाप त्याच्या डोक्श्यावर. आपल्या इकडं लोक मरून जातीन पन भाचीले पाय शिवू देनार नाहीत."

मी खालीच बसले. मला हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरातून जुन्या रीती आजोबांच्या काळातच हद्दपार झाल्या होत्या. त्यात देव गेले, उपास गेले, त्यांच्याबरोबर ही मामाभाचीची रीतही कधीतरी गेली असावी. मला दोन सख्खे मामा. दिवाळीला मी खुशाल त्यांच्या पाया पडायचे आणि तेही खुशाल पडू द्यायचे.

"म्हणजे जातीचं नव्हतंच?" मी म्हटलं. मला एकदम हलकं वाटलं. "उलट त्यांनी मला भाची मानलं!"

आईचं हसू तिथेच थांबलं. "इतकी भुलू नको," ती म्हणाली. तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "त्याईच्या विहिरीवर आमी घागरी घेऊन उभ्या राहो. दोराले हात लावाचा नाही, काठाले टेकाचं नाही. कोनाची बाई आली आन् तिच्या मनात आलं त वरून वतनार. नाही आलं त उनात उभं राहा. बळवंताची माय वताची कधीकधी. आन् माह्या लग्नात त्याच पाटलाच्या घरून लुगडं आलं. गावची लेक हाय म्हने! लुगडं कसं देल्लं माहीत हाय? वट्यावर ठेवलं आन् मांगं सरले. मंग माह्या बापानं उचललं."

"मग लेक कशी काय म्हणायचे?"

"म्हनत. लेकही म्हनत आन् हातही लावत नसत. दोन्ही खरं होतं."

मला राग कोणाचा करावा तेच कळेना. इतका वेळ मी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि हाती आलं ते असं दुतोंडी. आईला विचारलं, "मग आता करू काय? भाची राहिले तर त्यांचा पाय जातो."

आईनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे तोंडात टाकले. तिच्या चेहऱ्यावर मला नीट ओळखीचा असलेला भाव आला. भाजीवाल्याला गंडवायच्या आधी येतो तो. "त्याले सांग, मायनं तोड सांगतली म्हना. मामानं आधी भाचीचे पाय धुवाचे. स्वताच्या हातानं. मंग पाया पडाचं. एकदा पाय धुतले की भाचीनं किती का सेवा करे ना, पाप लागत नाही."

"असं आहे खरंच?"

"मले काय माहीत! त्यालेही नसंल माहीत. तू सांगून त पाह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबाजींच्या पलंगाजवळ उभी राहिले. आत जाताना काहीतरी नेमकं बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "आईला विचारलं, मामा."

'मामा' ऐकून त्यांचा चेहरा सैल पडला. "सांगतलं ना तिनं?"

"सांगितलं. तोडही सांगितली." मी आईचं म्हणणं जसंच्या तसं पोहोचवलं. म्हातारा चिडला तर? पाटलानं वानखड्याच्या नातीचे पाय धुवायचे, स्वतःच्या हातानं, हे आईनं सांगायला सोपं होतं.

बाबाजी विचारात पडले. ओठ हलवत काहीतरी पुटपुटले. मग मान हलवली. "बरोबर हाय. असंच असते. माही माय सांगे."

मला हसू दाबताना खोकला आला. आईनं काल तुरीच्या शेंगा खाता खाता काढलेली रीत त्यांच्या आईनं सांगितली होती म्हणे! माणसाला वाट हवी असली की तो पायवाटेलाही राजरस्ता म्हणतो.

कमलकडून घमेलं आणि तांब्या आणला. कमल दारात उभी राहून बघत होती. मी तिला हाकललं नाही. बाबाजींना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, दुखरा पाय उशीवर ठेवला. समोर खुर्ची ओढून मी बसले, चपला काढल्या, पाय घमेल्यात ठेवले. आणि एकदम लाजले. लोकांचे पाय धुण्यात माझा जन्म गेला होता. पण कोणासमोर स्वतःचे पाय असे पुढे करून बसायची पाळी कधी आली नव्हती. टाचांना भेगा, नखांवर कधीचा तरी उरलेला रंग. ओढून घ्यावेसे वाटले. बाबाजींना चादरीखाली काय वाटत असेल ते तेव्हा मला नीट समजलं.

त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला. हात हलत होते, पाणी हिंदकळून त्यांच्याच धोतरावर सांडलं. मग त्यांनी तो उंच केला आणि वरून धार सोडली.

वरून! मी खाली पायांकडे पाहत राहिले. धार कधी पायावर, कधी घमेल्याबाहेर. तांब्या रिकामा झाला. झालं, म्हणजे एवढंच. आईला काय सांगायचं याचा विचार मी करत होते.

बाबाजींनी तांब्या पलंगावर ठेवला. थोडे थांबले. मग कमरेतून वाकायला लागले. मी धरायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." कसंबसं वाकून त्यांनी माझा पाय हातात घेतला. त्यांच्या तळव्याचा कंप मला गुडघ्यापर्यंत जाणवला. अंगठा चोळला, बोटांच्या बेचक्यांत आपली बोटं घालून धुतलं, टाच चोळली. मी त्यांचे पाय जसे धुवायचे तसेच, कुठलीही घाई न करता. दुसरा पायही तसाच. मग पायाला लावलेला हात त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावला.

"टाचा फाटल्या तुह्या," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "राती तेल लावत जा."

मी मान हलवली फक्त. दारातून कमल कधी निघून गेली ते कळलं नाही.

मी खाली उतरले, उकिडवी बसले, कात्री घेतली. त्यांनी आपण होऊन पाय पुढे केला. जखम फार वाईट झाली होती. साफ करताना ते कण्हले, मी थांबले, "लागलं मामा?" विचारलं. "लागू दे, कर तू," म्हणाले. मी इतक्या जपून पट्टी त्याआधी कोणाची बांधली नव्हती. सरांनी सांगून ठेवलेली गाडी परत पाठवली. पुढे ते काळं बोट काढावं लागलं, पाय मात्र राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचले तर आई दारातच उभी होती. मी चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "धुतले?"

"धुतले."

"हात लावून, का वरूनच वतलं?"

तिच्या आवाजात कालची गंमत अजिबात नव्हती. मी तिला होतं तसं सांगितलं. आधी वरून ओतलं. मग तांब्या ठेवला, वाकले आणि हातात पाय घेऊन बोटन् बोट धुतलं. धाप लागली तरी धुतलं.

आई आत गेली, चुलीवरचं भांडं उतरवलं, परत ठेवलं. मी तिच्यामागे मागे. तिला बरं वाटलं की वाईट, ते मला कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. शेवटी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सकाळी येतो तुह्यासंगं."

"कशाला?"

"तुले भाची म्हनला तो," आई म्हणाली. "मले तोंडावर बहीन म्हनते का, ते पाहाचं हाय."